पुराव्याचा रकाना

वेस्ट हायकोर्ट रोडवर, चष्म्याच्या दुकानाच्या वर
संघमित्रा गजभियेंचं ऑफिस.
पायऱ्या चढताना मी मनात हिशोब केला:
तासाचे साडेचार हजार, कंपनी भरतेय,
म्हणजे कंपनीला वाटतं, माझ्यात बिघाड आहे.
बाई म्हणाल्या, हेच लिहा आधी.

कागदावर चार रकाने.
काय घडलं. मनात काय आलं.
किती टोचलं, शंभरपैकी.
आणि शेवटी, सगळ्यात रुंद: पुरावा.

मी बुटीबोरीत ट्रान्सफॉर्मर बनवतो.
तेलाचा, तापमानाचा, गळतीचा पुरावा मागत
अठरा वर्षं काढली.
स्वतःकडून कधी साधी पावती मागितली नव्हती.

घडलं ते एवढंच:
एप्रिलचा आढावा, पडद्यावर पुण्याचे एमडी,
मी बोलत असताना त्यांनी घड्याळ पाहिलं.
मनात आलं: निमजे, तू संपला.
टोचलं पंच्याण्णव.
पुराव्यात लिहिलं: घड्याळ.
बाईंनी पेन्सिलीनं त्याभोवती गोल केला
आणि विचारलं, किती वाजले होते?
दीड.
जेवायची वेळ, त्या म्हणाल्या, आणि पुढे काहीच नाही.
खिडकीतला कूलर तेवढा बोलत राहिला
वाळ्याचा ओला वास सोडत.

गोळीबार चौकातल्या घरी, माग विकून टाकल्यावरही
कापड हाती आलं की बाबा आधी दोष शोधायचे,
बोटाच्या पेरानं, डोळे मिटून.
माझं दहावीचं गुणपत्रक त्यांनी तसंच चाचपलं होतं.
हे मी कुठल्याच रकान्यात लिहिलं नाही.

दुसऱ्या भेटीत प्रयोग ठरला:
बैठकीत, अकरा माणसांसमोर,
एकदा म्हणायचं, मला माहीत नाही.
आणि हसणारे मोजायचे.
अंदाज मी आधीच लिहून दिला: सात.

मंगळवारी म्हटलं.
जीभ टाळूला चिकटलेली, बाहेर सेहेचाळीस अंश.
कोणी हसलं नाही.
मेंटेनन्सचे हेडाऊ वहीतून मान न काढता बोलले,
मलेही नाई मालूम सर,
पण वाइंडिंगच्या कवडूले असंल.

कवडू.
जानेवारीत मी त्याला अख्ख्या शिफ्टसमोर झापलं होतं
दुसऱ्याच कुणाच्या चुकीसाठी.
तेव्हापासून तो माझ्याशी दोनच शब्द बोलतो,
हो आणि सर.

तिसऱ्या भेटीला मी विचार लिहून नेला:
माणसं मला घाबरतात. सत्तर.
पुराव्यात सहा नावं, तारखांसकट.
वाटलं, बाई हाही फुगा फोडतील,
मी हलका होऊन पायऱ्या उतरेन,
खालच्या टपरीवर तर्री पोहा खाईन.
त्यांनी कागद दोनदा वाचला.
निमजे सर, हा विचार वाकडा नाही.
खरा आहे.
ह्याला दुरुस्त नका करू. ह्याचं काहीतरी करा.

रात्री, दुसरी शिफ्ट सुटायच्या आत
मी वाइंडिंगमध्ये गेलो.
कवडू तांब्याची तार चाचपत होता,
बोटाच्या पेरानं, डोळे मिटून.
म्हटलं, कवडू, जानेवारीत मी चुकलो. तू नाही.
उद्या हेच सगळ्यांसमोर म्हणणार आहे.
त्यानं तार सोडली नाही.
बराच वेळ.
मग म्हणाला, सायेब, तुमी लय घामेजले,
आणि पायानंच पंखा माझ्याकडे वळवला.

ह्याला काय म्हणायचं?
माफी? सवय? की नुसता उकाडा?
गाडीत बसून कागद काढला.
वर्धा रोडवरचे ट्रक त्यावर उजेड टाकत जात होते.
घडलं: पंखा.
मनात काय आलं, ते कोरं सोडलं.
किती टोचलं, तेही.
पुरावा:
वारा लागला.